शेवंती, तू कुठं जाशीन?

अमरावती
४ डिसेंबर २०२४

वहिनी,

शेवंतीला कोणत्या माध्यमात घालायचं, हा तुमचा प्रश्न फुलांच्या दुकानातल्या दुर्गाबाईंनी झेंडूच्या कॅरेटमधून काढून माझ्या हातात दिला, त्याला चार दिवस झाले. खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर येत नाही. तुम्ही लिहिलंत, 'घरात तुम्हीच एक ग्रॅज्युएट. तुम्ही सांगाल ते तुमचे दादा ऐकतील.' त्यामुळे अडचण वाढलीच. बी.ए.च्या तीन वर्षांत हा प्रश्न कुठल्या पेपरात आला नाही. माझ्या वेळी घरातही कुणी विचारला नव्हता. मळ्यापासून पायी जाता येईल अशी एकच शाळा होती, तिला एकच दार होतं, आणि आबांनी बोट धरून मला त्या दारात सोडलं.

उत्तर नसलं तरी मत आहे. मूल ज्या भाषेत रुसतं आणि भांडतं, त्याच भाषेत त्यानं आधी शिकावं. आमच्या बालशिक्षणाच्या कोर्समध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं, पण मला ते पुस्तकातलं वाटलं नाही. मला ते आपल्या घरातलं वाटलं. अकोल्याच्या शाळेची गाडी सकाळी सातला दारात येईल, टाय लावलेली शेवी तीत बसेल, आणि तिथे तिला जे म्हणायचं आहे ते म्हणताच येणार नाही. याची मला भीती वाटते. दादाला हे पटणार नाही, ठाऊक आहे.

एक सुचवते. सरावासाठी मला एक बालवाडी मिळाली आहे. मराठी माध्यम, बत्तीस मुलं. शेवीला पंधरा दिवस माझ्याकडे पाठवा. ती माझ्याच वर्गात बसेल. खोलीवरच्या मैत्रिणींची काही हरकत नाही. मराठी शाळेत ती कशी रमते ते डोळ्यांनी पाहू आणि मग ठरवू.

तुमची,
प्राजक्ता


पातूर
९ डिसेंबर

प्राजक्ताताई,

पत्र मिळालं. रिकाम्या कॅरेटच्या तळाशी होतं, ते आधी आबांच्या हाती लागलं. उघडलं नाही. मला देऊन म्हणाले, 'घे वं, तुह्या नणदेचं भाषण आलं.'

फोनवरच का नाही बोलत, असं तुम्ही मागे विचारलं होतं. फोन दिवसभर तुमच्या दादांच्या खिशात असतो. संध्याकाळी घरी आला की तुमची आई तो स्पीकरवर टाकायला लावते आणि मग शेजारच्या पंजाबरावांच्या ओट्यापर्यंत आपलं बोलणं जातं. फुलांची कॅरेट रोज सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे जातात आणि रिकामी परत येतात. त्यांना कान नाहीत.

अकोल्याच्या शाळेचा फॉर्म आणला आहे. बारा जानेवारीला लेकराची आणि आईबापाची मुलाखत. केजी वनला थोड्याच जागा आहेत म्हणतात. तुमचे दादा म्हणतात, 'मी बारावीपर्यंत इंग्रजीलेच भेलो. माही पोट्टी नाई भेणार.' त्यांचंही खोटं नाही. पंजाबरावांचा नातू त्याच शाळेत जातो. परवा आमच्या बकरीकडे बोट करून 'गोट, गोट' करत होता. आबा म्हणाले, 'गोठ्यातच त हाय बापा ते, अजून कोणत्या गोठ्यात नेतं?' आबांना विचारलं कोणती शाळा, तर म्हणतात, 'पोट्टी जिकडं हासत जाईन तिकडं घाला.'

शेवीला न्या. पण तुमच्या खोलीवरच्या मुलींना आधीच सांगून ठेवा, ती गप्प बसत नाही. सकाळी आबांबरोबर फुलं तोडायला जाते आणि दोघांचं भांडण लागतं. आबा झेंडू, ही शेवंती. आबा म्हणतात, 'मी देवीच्या गयात जाईन. शेवंते, तू कुठं जाशीन?' ही म्हणते, 'मी नवरदेवाच्या घोड्याच्या कानात जाईन. झेंडू, तू कुठं जाशीन?' 'मी नव्या ट्रॅक्टरच्या नाकावर जाईन. तू कुठं जाशीन?' 'मी आमदाराच्या गयात जाईन, मंग तो मले खुर्चीवर इसरून जाईन.' असं चालत राहतं. ज्याला उत्तर आलं नाही त्यानं टोपली उचलून बांधापर्यंत न्यायची. आजपर्यंत आबाच उचलत आले. ते मुद्दाम हरतात की खरंच हरतात, मला अजून समजलं नाही.

पंधरा तारखेला तुमचे दादा तिला आणून सोडतील. डोक्याला खोबरेल लावत जा, नाही तर रात्री खाजवते.

मंजुषा


अमरावती
२४ डिसेंबर

वहिनी,

शेवी मजेत आहे. खोबरेल रोज लावते. तुम्ही पाठवलेले मुरमुऱ्याचे लाडू माझ्या मैत्रिणींनीच जास्त खाल्ले.

पहिल्या दिवसाचं सांगते. वर्गात शिरल्या शिरल्या ती एका मुलासमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, 'काय बे, तुहं नाव काय हाय?' सगळा वर्ग हसला. दारात दोन आया उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पण ते हसू माझ्या ओळखीचं होतं आणि शेवीला पुन्हा त्यात उभं करायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

मग मी एक उपक्रम सुरू केला. पुठ्ठ्याचा मोठा तक्ता केला, त्यावर सगळ्या मुलांची नावं लिहिली. जो नीट, शुद्ध, पूर्ण वाक्यात बोलेल त्याच्या नावापुढे एक चमकीचा स्टार. गावठी बोललं की एक स्टार काढायचा. मारणं नाही, रागावणं नाही. मुलांना तर खेळच वाटतो. शेवीचे पहिल्या तीन दिवसांत जेवढे लागले तेवढेच निघाले. आता तिचे अकरा आहेत. 'मले' नाही, 'मला' म्हणते. 'का'ऐवजी 'काहून' काल दिवसभरात एकदाच म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. खूप हुशार आहे हो आपली मुलगी.

ती शांतही झाली आहे. विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि बोलते तेव्हा विचार करून बोलते. आमच्या मोठ्या बाई वर्गात येऊन तिच्याशी दोन मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, 'ही खेड्यातून आली आहे असं वाटत नाही.' दादाला हे नक्की सांगा. मराठी शाळेतही मूल घडतं, हे त्याला कळू दे.

ती परत येताना चिकटवायच्या स्टारची दोन पानं बरोबर देईन. घरी सराव राहील.

तुमची,
प्राजक्ता


पातूर
८ जानेवारी

प्राजक्ताताई,

शेवी दोन तारखेला सुखरूप पोचली. तुम्ही घेतलेला फ्रॉक तिला बरोबर बसला. बोलणं खूप सुधारलं, असं सगळे म्हणतात.

मुलाखत बारालाच आहे. आबांची तब्येत बरी आहे. शेवंतीच्या फुलांना या आठवड्यात मागणी कमी आहे, झेंडूला आहे.

एक विचारायचं होतं. तुमच्या वर्गात ती आपणहून बोलत होती ना?

मंजुषा


अमरावती
१३ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र इतकं लहान होतं की मी कागद उलटा करून पाहिला.

कारण माझ्या लक्षात आलं आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. दादानं इंग्रजीचं नक्की केलं असणार आणि ते मला कसं सांगावं म्हणून तुम्ही झेंडूचा भाव कळवलात. मी रागावणार नाही. पण वहिनी, तुम्ही आई आहात. त्या फॉर्मवर तुमचीही सही लागते. दहावीला तुम्हाला मराठीत किती मार्क होते ते तुम्हीच मला लग्नाच्या आधी तुमच्या माहेरी हिवरखेडला सांगितलं होतं. तुम्हालाही ठाम बोलता येतं. दादासमोर एकदा बोलून पाहा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, वर्गात ती बोलत होती. विचारलं की पूर्ण वाक्यात उत्तर देत होती. इतर मुलांसारखी उगाच बडबड नव्हती. उलट आमच्याकडे शुभम नावाचा एक मुलगा आहे, ऑटोवाल्याचा, त्याच्या नावापुढे अजून एकही स्टार नाही. आधी वर्गभर ओरडत फिरायचा. तक्ता लागला तसा तो तोंडच उघडत नाही. त्याच्यासाठी मी वेगळं काही शोधते आहे. शेवीचं तसं मुळीच नाही.

एक आनंदाची गोष्ट. तक्त्याचा उपक्रम मोठ्या बाईंना फार आवडला. फेब्रुवारीतल्या मराठी दिनाला तो पालकांसमोर मांडायचा आहे. जूनमध्ये एक जागा रिकामी होते, त्यासाठी त्यांनी माझं नाव मनात ठेवलं आहे असं म्हणाल्या. आबांना सांगा, त्यांच्या मुलीला बहुतेक नोकरी लागते.

काल मुलाखत कशी झाली? काही लपवू नका.

प्राजक्ता


पातूर
२६ जानेवारी

प्राजक्ताताई,

लपवू नका म्हणालात, म्हणून लिहिते. तेरा दिवस लागले, कारण रोज वाटायचं उद्या ती बोलेल आणि मग हे पत्र लिहायचं कामच उरणार नाही.

शेवी आली त्याच संध्याकाळी तिनं स्टारची पानं काढली. एक स्टार टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला लावला, काचेवर. एक मला, कारण मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं. एक तुमच्या दादांच्या फोनला. कॅलेंडरवरच्या देवीलाही लावला, देवी तर काहीच बोलत नाही. आबा ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, 'अन् मले काहून नाई वं?' ती म्हणाली, 'तुम्ही चुकीचं बोलता.'

आम्ही हसलो. मीही हसले, ताई. आबाही हसले.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्टार मिळवायचं मनावर घेतलं. चहाच्या वेळी दारात उभे राहून म्हणाले, 'मला चहा पाहिजे आहे.' आई चुलीपासून म्हणाली, 'कोण पाहुना आला वं घरात?' आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. 'मला चहा पाहिजे आहे आणि एक बिस्कीट पाहिजे आहे.' शेवीनं थोडा विचार केला आणि त्यांच्या टोपीवर, पुढं, बरोबर मधे एक स्टार लावला. आबा ती टोपी घालून पातूरच्या बाजारात गेले. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, 'पोट्टीनं पास केलं मले.'

दोन दिवस स्टार टोपीवर होता. तिसऱ्या दिवशी पाण्याची मोटर बंद पडली. आबा वावरातून तुमच्या दादांना ओरडले, 'काहून बंद पडली रे नितेश?' शेवी चालत गेली, त्यांना खाली वाकायला लावलं आणि टोपीवरचा स्टार काढून घेतला. आबा वाकलेलेच राहिले थोडा वेळ.

तेव्हापासून ते तिच्यासमोर बोलत नाहीत. रागानं नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'माह्यानं तिचं शिक्षन बिघडाले नको.' सकाळी दोघं अजूनही फुलं तोडायला जातात. ती आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी आबांनी सवयीनं विचारलं होतं, 'शेवंते, तू कुठं जाशीन?' ती ओठ मिटून उभी राहिली. तिला उत्तर येत होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ते कसं म्हणावं तेवढं समजत नव्हतं. मग तिनं टोपली उचलली. तिच्याएवढीच टोपली, दोन्ही हातांनी ओढत बांधापर्यंत नेली. खेळाचा नियम तिनं पाळला. त्यानंतर आबांनी विचारलं नाही.

आता ती माझ्याशीही बोलत नाही. हवं ते बोटानं दाखवते. मी ओरडले तर 'हो' किंवा 'नाही' म्हणते, कारण त्यात चूक होत नाही.

मुलाखतीला मॅडमनं आधी इंग्रजीत नाव विचारलं. ते तिनं सांगितलं, पाठ होतं. मग मॅडम चांगल्या होत्या, मराठीत म्हणाल्या, 'बाळा, घरी कोण कोण आहे? आजोबा काय करतात?' शेवीनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पुन्हा विचारलं तरी तेच. मॅडम हळूच म्हणाल्या, 'हिला बोलता येतं ना?' मी म्हटलं, 'येत होतं.'

तरी जागा देतो म्हणाल्या, पण आधी डॉक्टरला दाखवा. दहा फेब्रुवारीपर्यंत कळवायचं आहे. तुमचे दादा म्हणतात, 'सीट भेटून राहिली त घेऊन टाकू.' मी तेरा दिवस नाही म्हणत होते, तुमच्या शब्दाखातर. आता मलाही वाटतं घ्यावी. इंग्रजी तिला येत नाही, तिथं बसलेल्या कोणत्याच लेकराला येत नाही, त्याची लाज नाही. मराठीत मात्र ती चुकते.

तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही, हे मला समजतं. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही. विचारलंत म्हणून लिहिलं.

मंजुषा


अमरावती
२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मी दुर्गाबाईंच्या दुकानातच उभी राहून वाचलं. त्यांनी विचारलं, 'घरी सारं बरं हाय ना बाई?' मी 'हो' म्हणाले. त्यात चूक होत नाही, हे तुमचंच वाक्य.

सल्ला देत नाही. एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, तेवढी सांगते.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं करून ओळख करून द्यायला सांगितली. मी उभी राहिले आणि म्हणाले, 'मी प्राजक्ता. मी पातूरून आली. मले मराठी विषय आवडते.' साठ मुलं हसली. सरही हसले, मग म्हणाले, 'बस, बस, छान.' त्यानंतर दिवाळीपर्यंत मी वर्गात एक शब्द बोलले नाही. खोलीवर रेडिओच्या बातम्या ऐकायची आणि त्या बाईसारखं बोलून पाहायची. दिवाळीला घरी आले तेव्हा आबा म्हणाले होते, 'पोट्टी मोठी झाली, कमी बोलते.' मी त्यांना कारण सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. पुढे सगळं जमलं, वक्तृत्वात बक्षीसही मिळालं, म्हणून मी तो दिवस जिंकला असं समजत होते.

शेवी वर्गात शिरली आणि त्या दोन आया हसल्या, तेव्हा मला वाटलं मी तिला त्या दिवसापासून वाचवते आहे. मी तो दिवस तिला चौदा वर्षं आधीच दिला.

तुम्हाला मराठी माध्यमावर एवढं मोठं पत्र लिहिलं. मूल ज्या भाषेत भांडतं त्याच भाषेत त्यानं शिकावं, असं त्यात माझ्याच हातचं वाक्य आहे. शेवी ज्या भाषेत झेंडूशी भांडत होती ती भाषा कोणती, हे मी लिहिताना पाहिलं नाही.

मी येऊ का? दोन दिवसांची रजा मिळेल. इंग्रजीचं तुम्ही ठरवलं असेल तर मी मधे पडणार नाही.

प्राजक्ता


पातूर
१४ फेब्रुवारी

प्राजक्ताताई,

तुम्ही येऊ नका. आलात की ती पुन्हा नीट बसेल.

तुमचं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. विचारलं नाही तुम्हाला, माफ करा. कॉलेजचा भाग आला तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं आत आले. म्हणाले, 'मंजुषा, मी चूप राहून चूक केली. पोट्टीले वाटलं का खरंच माह्यं बोलनं खराब हाय.'

दुसऱ्या सकाळपासून त्यांनी खेळ सुरू केला. तिला काही विचारलं नाही. दोन्हीकडून एकटेच बोलले. 'मी झेंडू, मी बँडवाल्याच्या टोपीत जाईन. शेवंते, तू कुठं जाशीन?' आणि मग बारीक आवाज काढून, 'मी शेवंती, मी बकरीच्या पोटात जाईन.' शेवी तोडत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवंती बकरीच्या पोटात. तिसऱ्या दिवशीही आबांनी शेवंतीला बकरीच्या पोटात पाठवलं, आणि शेवी टोपली आपटून म्हणाली, 'बकरी शेवंती नाई खात, आबा! कडू लागते तिले!'

आबा म्हणाले, 'असं काय? मले काय मालूम. मंग कुठं जाते शेवंती?' ती म्हणाली, 'उद्या सांगीन.' टोपली आबांनी उचलली.

रोज सगळं सांगते असं नाही. अजून पाहुणा आला की तोंडावर हात जातो. पण बोटानं दाखवणं थांबलं.

अकोल्याची सीट मी सोडली. दहा तारखेला मीच फोन केला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. तुमचे दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, म्हणजे संपलं. वस्तीवरच्या अंगणवाडीत तिचं नाव घातलं, एक वर्षासाठी. शेवी पुढं इंग्रजी शिको, सेमी शिको, मी आता कोणाच्या बाजूनं नाही. ते पुढच्या वर्षी पाहू. आधी तिचं बोलणं तिच्या तोंडात राहू द्या.

अंगणवाडीच्या तानुबाईंनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, 'काय वं शेवंते, जेवून आली काय? का तशीच आली?' शेवी त्यांच्याकडे पाहतच राहिली. घरी येऊन माझ्या कानात म्हणाली, 'आई, ते मॅडम हाय, तरी आबासारखी बोलते.' दोन दिवस तिनं ही बातमी घरात प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली. आबांना दोनदा.

तुमच्यावर कोणाचा राग नाही. एक विचारते. तुमच्या वर्गात बत्तीस लेकरं आहेत आणि तक्ता अजून भिंतीवर आहे, असं मी धरून चालते. त्या लेकरांच्याही घरी आबा असतील.

मंजुषा


अमरावती
२८ फेब्रुवारी

आबा,

हे पत्र तुमच्या नावानं हाय. आजपर्यंत मी तुमाले कधी पत्र लिवलं नाई. शुद्ध लिवलं त तुमाले सरकारी नोटीस आल्यावानी वाटलं असतं, अन् तुमच्यावानी लिवाची मले लाज वाटे. वहिनी वाचून दाखवतीन. वहिनी, मोठ्यानं वाचा, आईले बी आयकू जाऊ द्या.

काल आमच्या बालवाडीत मराठी दिवसाचा कार्यक्रम होता. लेकराईचे मायबाप आले होते, दोन पाहुने बी होते. मोठ्या बाईनं मले सांगतलं होतं का तक्ता मधात लावा अन् सगळ्यात जास्त स्टारवाल्या पाच लेकराईले पुढं आना. मी सकाळी सगळ्याईच्या आधी गेली, खुर्चीवर चढली अन् तक्ता काढला. बाई आल्या, म्हने, 'तक्ता कुठे आहे?' मी म्हटलं, 'काढला.' म्हने, 'का?' मी त्याईले टोपीवरल्या स्टारचं सांगतलं. त्याईनं आयकून घेतलं. मंग म्हनाल्या, 'पाहुणे आल्यावर काय दाखवणार?'

दुर्गाबाईच्या इथून मी एक टोपली अन् थोडी फुलं मागून आनली होती. लेकराईले गोल बसवलं. म्हटलं, 'मी झेंडू. मी देवीच्या गयात जाईन. तुमी कुठं जासान?' तुमचाच खेळ, तुमच्याच बोलीत. पाहुने पाह्यत होते, मायबाप पाह्यत होते. दारातल्या त्या दोघी बायका हासल्या. मी थांबली नाई.

पह्यले त लेकरं भिंतीकडं पाहे, जिथं तक्ता होता तिकडं. मंग शुभम नावाचं एक पोट्टं हाय, दोन महिने झाले त्यानं वर्गात तोंड उघडलं नव्हतं, ते उठलं. म्हने, 'मी माह्या बाबाच्या ऑटोवर जाईन. भोंग्यावर बसीन.' त्याचा बाप मांगं उभा होता, तो एवढ्या जोरात हासला का पाहुने बी हासले. मंग बत्तीसच्या बत्तीस लेकरं एकदमच बोलाले लागले. कोनाचं फूल पोलिसाच्या काठीले गेलं, कोनाचं आज्जीच्या चहात पडलं. अर्धा घंटा कोनी आयकेच ना.

कार्यक्रम झाल्यावर मोठ्या बाई म्हनाल्या, 'जूनच्या जागेचं आपण मग पाहू.' त्याईचं बोलनं मी समजली. नोकरी लागते म्हून मी तुमाले कळवलं होतं, ते आता धरू नका. लागली त सांगीन.

अजून एक. शेवटी शुभमनं मलेच विचारलं, 'बाई, आता तुमी कुठं जासान?' सारे माह्याकडं पाहे. मले उत्तर आलं नाई, आबा. मंग मी टोपली उचलली अन् वर्गाच्या दारापर्यंत नेली. जड नव्हती.

शेवीले सांगजा, आत्यानं टोपली उचलली म्हून.

तक्ता मी आज सकाळी दुर्गाबाईच्या दुकानात आनला, उलटा केला अन् आपल्या रिकाम्या कॅरेटच्या तळाशी अंथरला. मापात बरोबर बसला. हे पत्र त्याच्यावरच ठेवलं. कॅरेट गाडीवर चढलं.

तुमची,
प्राजक्ता